पैरा फेडताना

जत तालुक्याच्या पूर्व भागातून आलेली एक बाई माझ्यासमोर बसली होती. साठीच्या आतबाहेरची, इरकल लुगडं नेसलेली, कपाळभर कुंकू, मुठीत केसपेपरची घडी. समुपदेशक म्हणून कामाला लागून मला जेमतेम चार महिने झाले होते. "काय होतंय?" मी विचारलं. तिनं कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "तलि केट्टद." मला कन्नड येत नव्हतं. रांगेतल्या एका पोरानं सांगितलं, "डोकं खराब झालंय म्हणती." मी केसपेपरवर लिहिलं, 'डोकेदुखी'. डॉक्टरांनी ते वाचून गोळ्या लिहिल्या. पुढच्या आठवड्यात ती परत आली, तेच म्हणाली, गोळ्या घेऊन गेली. त्यापुढच्या आठवड्यातही आली.

त्या दिवशी वॉर्डातल्या एक मावशी सहज दारातून आत डोकावल्या. त्यांचं माहेर विजापूरकडचं. बाईचं बोलणं कानावर पडताच त्या थबकल्या. "डोकं दुखतंय असं नाही म्हणत ती, मॅडम. जीव वैतागलाय तिचा. काही सुचेना झालं, की आमच्याकडं असं म्हणतात." मग त्या बाईशेजारी बाकावर टेकल्या, तिच्या गावाचं नाव विचारलं, गुड्डापूरच्या दानम्मादेवीला यंदा गेली होतीस का, म्हणून विचारलं. पाच मिनिटांत सगळं बाहेर आलं. कर्ता मुलगा दोन महिन्यांपूर्वी गेला होता. सून माहेरी निघून गेली होती. घरात बोलायला कुणी नव्हतं, म्हणून ही बाई दर आठवड्याला एसटी बदलत बदलत दवाखान्यात येत होती. तीन आठवडे ती माझ्यासमोर बसून आपलं दुःख सांगत होती आणि मी ते सरकारी कागदावर डोकेदुखी म्हणून नोंदवत होते.

पुढच्या पानांत ज्या कामाची ओळख करून दिली आहे, त्याची माझी सुरुवात अशा चुकीनं झाली. एका संस्कृतीत वाढलेल्या माणसानं दुसऱ्या संस्कृतीतल्या माणसाच्या मनाला हात घालायचा, तर मध्ये पूल कशाचा बांधायचा, हा या पुस्तकाचा विषय आहे. पदवीच्या अभ्यासात याचं उत्तर एका शब्दात मिळतं : विश्वास. पण विश्वास कुठून आणायचा, तो कोणाच्या मालकीचा असतो आणि एकदा मिळाल्यावर त्याचं काय देणं लागतं, हे वर्गात कुणी शिकवत नाही. ते सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या माणसांनी मला शिकवलं.

'वेगळी संस्कृती' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेश येतो. मी सातारा जिल्ह्यातली. कोरेगावकडच्या बागायती गावात वाढले, मराठी शाळेत शिकले. सांगलीला बदलून आले तेव्हा एसटीनं दोन-तीन तासांवर आले, एवढंच मला वाटलं होतं. कृष्णा तीच, ऊस तोच, भाकरी तीच. पण माणसाच्या मनाचं गाव जिल्ह्याच्या नकाशावर सापडत नाही. जतच्या सीमेवर घरात कन्नड आणि बाजारात मराठी बोलणारी गावं आहेत. सांगलीच्या गोकुळनगरात यल्लम्माच्या नावानं सोडलेल्या, कर्नाटकातून आलेल्या बायकांच्या पिढ्या राहिल्या. दिवाळीच्या सुमारास बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात आणि कारखान्यांच्या आसपास कोप्या घालून पुढचे पाच-सहा महिने काढतात. फलटण-माणच्या माळावर पारध्यांची पालं पडतात. मांढरदेवच्या डोंगरावर पौषातल्या पौर्णिमेला काळूबाईच्या दर्शनाला लाखांनी लोक चढतात आणि त्यांतल्या कित्येकांच्या मनाचा पहिला वैद्य गावचा देवऋषी असतो. या प्रत्येकाकडं दुःख सांगायची स्वतःची भाषा आहे. कुणाच्या 'जिवाला घोर' लागतो, कुणाचं 'काळीज लकलक' करतं, कुणाला 'बाहेरचं लागलेलं' असतं, कुणाच्या अंगात वारं येतं. समुपदेशकाकडं मात्र छापील तक्ता असतो आणि त्यात नैराश्य, चिंता, निद्रानाश असे रकाने असतात. माणूस रकान्यात बसत नाही, तेव्हा आपण तक्ता बदलत नाही. माणसालाच दाबून बसवतो.

समोरचा माणूस आपल्यावर विश्वास का ठेवत नाही, हा प्रश्न समुपदेशक नेहमी विचारतो. मी आता तो उलटा विचारते. त्यानं का ठेवावा? पारध्याच्या पालावर आपण कागद-पेन घेऊन जातो. त्या कागदाचा इतिहास आपल्याला ठाऊक नसतो, त्याला असतो. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. त्या कायद्यानं आणि पुढं त्यात झालेल्या बदलांनी अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरल्या. नावं रजिस्टरात चढली, ठाण्यावर हजेरी लागली, सोलापुरासारख्या ठिकाणी तारेच्या कुंपणात वसाहती उभ्या राहिल्या. देश १९४७ साली स्वतंत्र झाला, या लोकांना मोकळीक मिळायला ३१ ऑगस्ट १९५२ उजाडावा लागला. त्यानंतरही गावात चोरी झाली की पोलिसांची गाडी पहिली पालावरच यायची. अशा घरातल्या म्हातारीला आपण विचारतो, "आजी, नाव काय? घरात माणसं किती? रात्री झोप लागते का?" आपल्याला हे साधे प्रश्न वाटतात. तिच्या कानाला ती हजेरी असते. फलटण तालुक्यातल्या लक्ष्मण माने यांचं 'उपरा' १९८० साली आलं, तेव्हा कैकाडी समाजातलं जिणं मराठी वाचकानं पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिलं. समुपदेशकानं ते पुस्तक पेशाच्या पुस्तकांबरोबर वाचावं. भटक्या माणसाला घरं, शाळा, चावडी, दवाखाना आतून कसे दिसतात, ते त्यातून कळतं.

ऊसतोड बाईची गोष्ट निराळी, पण गाठ तीच. टोळीत नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती फिटेपर्यंत अंग मोडून काम. पहाटे अंधारात फडात जायचं, मोळ्या वाहायच्या, रात्री कोपीवर येऊन चूल पेटवायची. खाडा झाला तर दंड. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येनं काढली गेल्याचं २०१९ साली महाराष्ट्रभर गाजलं. सरकारनं समिती नेमली, सर्वेक्षण झालं, आकडे छापून आले. कोपीत बसलेल्या बाईनं एवढंच पाहिलं, की माणसं आली, तिच्या पोटाचं विचारून गेली आणि परत काही आली नाहीत. त्यानंतर कुणी "मनमोकळं बोला" म्हणत आलं, तर ती पदराचं टोक तोंडात धरून गप्प बसते. आपण लिहितो, 'प्रतिसाद नाही'. खरं तर प्रतिसाद तिनं दिलेला असतो.

हे आपल्याकडंच घडतं असं नाही. अलास्काच्या उत्तर टोकाला, आर्क्टिक महासागराच्या काठी इनुपियाट लोकांचं एक गाव आहे. देवमाशाच्या शिकारीवर आणि ती सगळ्यांत वाटून घेण्यावर तिथलं जिणं पिढ्यान् पिढ्या उभं राहिलं. बाहेरच्यांनी गावाचं नाव बॅरो ठेवलं होतं. २०१६ साली गावानं मतदान करून उत्कियाग्विक हे आपलं जुनं नाव परत घेतलं. याच गावात १९७९ साली दारूच्या व्यसनाचा एक अभ्यास झाला. तेलाचा पैसा आला होता, जगणं झपाट्यानं बदलत होतं, दारूचा त्रास खरा होता आणि उपाय शोधायला स्थानिक प्रशासनानंच हा अभ्यास मागवला होता. संशोधकांचा हेतू वाईट नव्हता. पण निष्कर्ष गावाबरोबर नीट बसून समजून घेण्याआधी ते हजारो मैलांवरच्या शहरात वार्ताहरांच्या हाती पडले. १९८० च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्ससारख्या वर्तमानपत्रात अख्खा समाज दारूत बुडाल्याची बातमी झळकली. ज्यांनी विश्वासानं दार उघडून उत्तरं दिली, त्यांना जगापुढं मान खाली घालावी लागली. संशोधनातल्या नीतीचा धडा म्हणून ही घटना आजही शिकवली जाते. मी ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आपल्या कोप्या आठवल्या.

इनुपियाट लोकांकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. तिथं 'हो' म्हणायला माणूस भुवया उंचावतो, 'नाही' म्हणायला नाक आक्रसतो. शब्दांची वाट पाहणारा बाहेरचा समुपदेशक समजतो, हा बोलतच नाही. उत्तर केव्हाच मिळालेलं असतं आणि हा पुढचा प्रश्न विचारत असतो. आपल्याकडंही टाळूला जीभ लावून केलेला 'च्यक्' हा पुरता नकार असतो आणि सासूसमोर सुनेनं म्हटलेलं "हां" हे नुसतं मानापोटी असतं. त्यात होकार शोधणाऱ्याची फसगत होते. गप्प बसण्याचेही प्रकार आहेत. रागाची गप्प वेगळी, भयाची वेगळी, आठवणीची वेगळी. ज्या वस्तीत काम करायचं, तिथली गप्प आधी शिकावी लागते. अलास्कात १९६० च्या दशकात गावातल्याच माणसांना शिकवून आरोग्य साहाय्यक तयार केले गेले. विमानानं येणाऱ्या डॉक्टरला न कळणारी ही गप्प त्यांना वाचता येत होती. आपल्याकडं २००५ पासून आशा ताई आल्या त्या याच वाटेनं. दार कुणासाठी उघडतं, हे दोन्हीकडं एकाच पद्धतीनं कळलं.

या दृष्टीनं सांगलीनं घालून दिलेला धडा फार मोठा आहे, तो आपल्याच लोकांना पुरेसा माहीत नाही. १९९२ साली सांगलीत 'संग्राम', म्हणजे संपदा ग्रामीण महिला संस्थेचं काम सुरू झालं. मीना शेषू आणि त्यांचे सहकारी गोकुळनगरासारख्या वस्त्यांत जाऊ लागले. एचआयव्हीचं भय तेव्हा गावोगाव पसरलं होतं. धंदा करणाऱ्या बाईकडं सगळे रोगाचं घर म्हणून बघत होते. पोलिसांकडून मार, गुंडांकडून हप्ता आणि दवाखान्यात लांबूनच तपासणी, असं त्यांचं जिणं होतं. त्यांतल्या अनेकींची भाषा कन्नड, देव यल्लम्मा, घर चालवणारी घरवाली आणि कायमच्या संबंधातला पुरुष तो 'मालक'. शिकलेल्या घरातून आलेल्या कार्यकर्त्याला या घराची रचनाच ठाऊक नसते. अशा ठिकाणी बाहेरून जाऊन 'सुरक्षित वागा' असा उपदेश करणं सोपं होतं. संग्रामच्या कामानं वेगळी वाट धरली. निरोध वाटणारी, आजाराची माहिती देणारी, दवाखान्यात सोबत जाणारी बाई त्याच गल्लीतली असेल, असं ठरलं. ती स्वतः धंदा करते, तिला घरवालीची अडचण कळते, गिऱ्हाईक नाही म्हणतं तेव्हा काय करायचं हे तिला ठाऊक असतं. १९९६ साली याच बायकांची संघटना उभी राहिली, तिचं नाव वेश्या अन्याय मुक्ती परिषद. 'वेश्या' हा शब्द त्यांनी शिवी म्हणून सोडून दिला नाही, स्वतःचं नाव म्हणून उचलला. समुपदेशनाच्या पोथीत 'अशिलाचा आत्मसन्मान' असं जे लिहिलेलं असतं, ते त्या नावात मला प्रत्यक्ष दिसलं.

२००५ साली या विश्वासाची परीक्षा झाली. अमेरिकन सरकारच्या मदतीबरोबर एक अट आली : संस्थेनं वेश्याव्यवसायाच्या विरोधात असल्याची लेखी ग्वाही द्यायची. संग्रामनं सही केली नाही, पैसा सोडला. वेश्याव्यवसायाबद्दल वाचकाचं मत काहीही असो, या कृतीतली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ज्या बायकांनी तेरा वर्षं आपल्या घरातलं, शरीरातलं, पोराबाळांचं सगळं विश्वासानं सांगितलं होतं, त्यांच्याच विरोधातल्या कागदावर सही करायची वेळ आली होती. तो विश्वास राखायचा तर किंमत मोजणं भाग होतं. ती मोजली गेली. मी ज्याला देणं फेडणं म्हणते, ते हेच.

आमच्या भागात पेरणीला, काढणीला, गुऱ्हाळाला माणसं एकमेकांच्या रानात पैऱ्यानं जातात. काही गावांत याला सावड म्हणतात. आज तुम्ही माझ्या रानात, परवा मी तुमच्या. यात पैसा नसतो, पण हिशेब असतो आणि तो कुठल्या वहीत लिहिलेला नसतो. ज्याच्या घरी बैल नाहीत, तोसुद्धा अंगमेहनतीनं पैरा फेडतो. जो फेडत नाही, त्याच्या बांधावर पुढच्या साली कुणी येत नाही. मला वाटतं, मनाच्या कामातला विश्वास हा असाच पैरा आहे. समोरच्या बाईनं तिच्या दुःखाच्या रानात आपल्याला उतरू दिलं, तो तिनं आपल्यासाठी दिलेला दिवस आहे. आपल्या रजिस्टरात एक नोंद वाढली, आपला पगार निघाला, आपला अनुभव वाढला. आता आपण तिच्या बांधावर जायचं. 'मी विश्वास संपादन केला' असं अहवालात लिहिणारा माणूस दुसऱ्याची मेहनत आपल्या नावावर लावतो.

साताऱ्यात हा पैरा कसा फेडला गेला, हे मी एका वेगळ्या कामात पाहिलं. डॉ. नरेंद्र दाभोलकर मूळ साताऱ्याचे, वैद्यकीय शिक्षण त्यांनी मिरजेत घेतलं. साताऱ्यात डॉक्टरकी केली आणि १९८९ साली महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, म्हणजे अंनिस, उभी केली. साताऱ्यातलं 'परिवर्तन' हे व्यसनमुक्तीचं कामही त्यांच्याच प्रेरणेतलं. देवाला विरोध नाही, देवाच्या नावानं होणाऱ्या शोषणाला विरोध आहे, हे ते आयुष्यभर न चिडता सांगत राहिले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी जादूटोणाविरोधी कायदा झाला. बाहेरच्या लोकांना अंनिस म्हणजे भोंदूबाबांचं पितळ उघडं पाडणारी संघटना एवढंच ठाऊक असतं. तिच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं घराघरांत बसून केलेलं समुपदेशन फारसं कुणी पाहिलेलं नसतं.

जट काढण्याचं काम त्यांतलंच. बाईच्या केसांत गुंता झाला, तेल-पाणी मिळालं नाही, की केस चिकटून दोरखंडासारखे होतात. घरचे म्हणतात, देवीचं बोलावणं आलं. मग त्याला कंगवा लावायचा नाही, कात्री तर नाहीच, उलट हळद-कुंकू वाहायचं. जट वाढते, मान अवघडते, उवा होतात, वास येतो, रात्रीची झोप जाते. कित्येक मुली अशा जटेपायीच यल्लम्माला सोडल्या गेल्या. मुंबई इलाख्यात १९३४ साली, कर्नाटकात १९८२ साली आणि महाराष्ट्रात २००५ साली देवदासी प्रथेविरुद्ध कायदे झाले, पण डोक्यावरची जट कायद्याच्या कलमानं सुटत नाही.

एका घरी मी कार्यकर्त्या बाईंबरोबर गेले होते. त्या आधी चार वेळा तिथं जाऊन आल्या होत्या आणि चारही वेळा जटेचा विषय त्यांनी काढला नव्हता. घरातल्या म्हातारीच्या गुडघ्याची चौकशी, शेळीच्या करडांची चौकशी, चहा, सुपारी. पाचव्या वेळेला म्हातारीनंच विचारलं, "कापली अन् घरात काही वाईट झालं तर?" बाई म्हणाल्या, "मी येईन. वाईट झालं तरी येईन, चांगलं झालं तरी येईन. तुमच्या घरात आजारपण आलं तर जटेमुळं आलं म्हणायच्या आधी मला बोलवा, आपण दोघी दवाखान्यात जाऊ." म्हातारी बराच वेळ चुलीकडं बघत राहिली. मग तिनं सुनेला हाक मारली, पाटावर बसवलं आणि देवीपुढं दिवा लावला. कार्यकर्त्या बाईंनी दिव्याला हरकत घेतली नाही. कात्रीला वेळ लागला, जट आतून लाकडासारखी टणक झाली होती. शेवटचा तुकडा सुटला तेव्हा सुनेनं मान डावीकडं वळवली, मग उजवीकडं, पुन्हा डावीकडं, आणि पदरात तोंड घालून रडली. बाई पुढं वर्षभर त्या घरी जात राहिल्या. घरातलं पोर तापानं फणफणलं त्या रात्री म्हातारीनं खरोखरच निरोप धाडला आणि बाई गेल्या. जट कापायला पाऊण तास लागला होता. पैरा फेडायला वर्ष लागलं.

श्रद्धेशी पहिल्या भेटीत भांडण काढणाऱ्या समुपदेशकाला दुसरी भेट मिळत नाही. गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या उनावा इथं मीरा दातारच्या दर्ग्यात 'दवा आणि दुवा' एकत्र देण्याचा प्रयोग झाला. दर्ग्यातल्या मुजावरांनी आजारी माणसाला दुवाही द्यायची आणि मानसोपचाराच्या डॉक्टरकडंही धाडायचं. २००१ साली तमिळनाडूत एरवाडी इथं दर्ग्याजवळच्या आश्रयस्थानाला आग लागली आणि साखळीनं बांधलेली २८ माणसं होरपळून मेली, तेव्हा आपण देश म्हणून हादरलो होतो. साखळी तोडायचीच आहे, पण ती ज्याच्या हातात आहे त्याच्याशी बोलल्याशिवाय किल्ली मिळत नाही. गावच्या देवऋषीचंही तसंच. त्याच्या लुबाडणुकीला पाठीशी घालू नये, पण त्याच्याकडं जाणारा माणूस मूर्ख आहे असं धरून चालू नये. देवऋषी त्याला वेळ देतो, नावानं हाक मारतो, घरातल्या सगळ्यांना समोर बसवतो. आपल्या ओपीडीत त्याला यांतलं काय मिळतं, हे आधी पाहावं.

पुढच्या प्रकरणांत कामाच्या रीती तपशिलानं आल्या आहेत. त्यांतल्या काही इथंच सांगते, कारण पैरा त्यांतच फिटतो. पहिली, दुभाष्याची. बाई बोलताना तिच्या पोराला किंवा नवऱ्याला दुभाषा करू नका. पोरासमोर आई खरं सांगत नाही आणि पोराच्या वयाला ते ओझं सोसत नाही. वॉर्डातली मावशी, शेजारच्या गावची आशा, समाजातली जाणती बाई शोधा, तिला गुप्ततेचा अर्थ नीट समजावून सांगा आणि तिच्या श्रमाचा मोबदला द्या. आमच्या त्या मावशींनी केलेलं काम समुपदेशकाचं होतं, पगार मात्र त्यांना झाडलोटीचाच मिळत होता. बाईला आपल्या भाषेत फोनवर बोलायचं असेल, तर २०२२ पासून सुरू झालेल्या टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक तिच्या हाताशी ठेवा, पण नुसता नंबर देऊन वाटेला लावू नका, पहिला फोन शेजारी बसून लावून द्या.

दुसरी, गुपिताची. २०१७ साली मानसिक आरोग्याचा आणि एचआयव्ही-एड्सचा असे दोन्ही कायदे झाले, दोन्हींत माणसाच्या माहितीची गुप्तता राखणं बंधनकारक आहे. पण कायदा एक आणि आमच्या ओपीडीची खिडकी एक. तिथं नाव मोठ्यानं पुकारलं जातं, केसपेपर चार हातांतून फिरतो आणि रांगेत नेमकी भावकीतली बाई उभी असते. लहान गावात गुपित फुटलं की मनाबरोबर संसारही मोडतो. म्हणून बसायची जागा, यायची वेळ, कागदावर काय लिहायचं आणि काय नाही, हे तिला विचारून ठरवा. जिवाला धोका असेल तर मला दुसऱ्याला सांगावं लागेल, हेही पहिल्याच दिवशी सांगून टाका. नंतर सांगितलं तर तिला तो दगा वाटतो.

तिसरी, स्वतःबद्दल बोलण्याची. समुपदेशकानं आपलं काही सांगू नये, असं आम्हांला शिकवलं गेलं. त्यामागचं कारण योग्य आहे, आपलं दुःख तिच्या पदरात टाकायचं नसतं. पण पालावरची म्हातारी विचारते, "तुझं गाव कुठलं? आई-बाप हायत का? लेकरं किती?" तेव्हा ती आपल्या खाजगी आयुष्यात डोकावत नसते. आपण कोणाच्या आहोत, आपल्या शब्दाला जामीन कोण, हे ती विचारत असते. शहरात ओळखपत्र दाखवतात, तसं हे. सुरुवातीला मी हसून विषय बदलायचे आणि ती माझ्याशी बोलणं बंद करायची. पुढं मी सरळ उत्तर देऊ लागले. गावाचं नाव सांगितलं की कुणीतरी म्हणायचं, "त्या गावात आमच्या मावशीला दिली होती." तिथून बोलणं सुरू व्हायचं.

चौथी, सोबतीची. मनाचं दुःख पुष्कळदा रेशनकार्डाच्या रांगेत, जातीच्या दाखल्याच्या टेबलावर, मुकादमाच्या वहीत अडकलेलं असतं. ते सोडवणं हे समुपदेशकाचं काम नाही, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. दाखल्यासाठी तीन खेपा घालूनही परत पाठवलेल्या बाईला श्वासाचा व्यायाम शिकवणं मला जमत नाही. तिच्याबरोबर चौथी खेप घालणं, टोळीवर दिवसा वेळ नसतो म्हणून रात्री चुलीपाशी जाऊन बसणं, काम संपल्यावरही हंगाम बदलला की विचारपूस करणं, हाच पैरा.

हे पुस्तक नव्यानं या कामात येणाऱ्या मुला-मुलींसाठी आहे. त्यांतले बरेच माझ्यासारखे बागायती गावातून, शिकल्या-सवरलेल्या घरातून येतील. त्यांनी यातल्या रीती पाठ करू नयेत. प्रत्येक वस्तीत जाऊन तिथल्या माणसांकडून त्या तपासून घ्याव्यात, चुकीच्या निघाल्या तर खोडाव्यात. पारध्याला जे लागू ते जोगतिणीला लागू पडेलच असं नाही, आणि एका पारध्याचं दुसऱ्याला लागू पडेलच असंही नाही. पण ऐकून घेतलेल्याचं देणं लागतो, ही गोष्ट मात्र मला सगळीकडं सारखीच आढळली.

जतची ती बाई पुढंही येत राहिली. मावशींकडून मी मोडकं-तोडकं कन्नड शिकले. तिच्या केसपेपरवरचा 'डोकेदुखी' हा शब्द मी तिच्यासमोर खोडला, 'तलि केट्टद' असं देवनागरीत लिहिलं आणि वाचून दाखवलं. तिनं माझा उच्चार दोनदा दुरुस्त केला. सुनेच्या माहेरी ती आणि मी मिळून गेलो, नातवाला ती भेटली. मग येणं कमी होत गेलं आणि एक दिवस थांबलं. दोन वर्षांनी ती पुन्हा दारात दिसली, तेव्हा तिच्यासोबत तिच्याच गावची एक तरुण बाई होती. तरुण बाई खाली मान घालून उभी होती. म्हातारीनं तिला बाकावर बसवलं, तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "हेळव्वा, केळतार." सांग बाई, ऐकतात त्या.

मावशींनी नंतर मला समजावलं, की कन्नडमध्ये विचारणं आणि ऐकणं या दोन्हींना एकच शब्द आहे, केळु. मी एवढी वर्षं माणसांना प्रश्न विचारत होते. ज्याला विचारलं त्याचं ऐकायचंही असतं, हे त्या भाषेनं एका शब्दात बांधून ठेवलं होतं.